दोरीआत्याची तीन मिनिटं

दोरीआत्याने उभ्या आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती, आणि झाडायची तिला हौसही नव्हती. तरी नेमबाजीच्या मैदानावर तिच्याइतकी वट क्लबच्या अध्यक्षांचीही नव्हती. रविवारी सकाळी ती गाडीतून उतरली, की चांगले मिशीवाले गडी आपापल्या बंदुका पाठीमागे सरकवायचे. हिची नजर नळीवर पडली, की सुटका नाही, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस ती गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. पुढे रेक्झिनचे गठ्ठे, मागे फोमचा ढीग आणि मध्ये एक काळं, जाडजूड शिलाई मशीन. तिथे ती नाकावर चष्मा घेऊन बसायची आणि रिक्षापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांना बसायला धड जागा करून द्यायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ कुठे होता? सगळे घाईत सीट टाकून जायचे." तिला आत्या म्हणणारी खरी भाची एकच, तिच्या थोरल्या भावाची मुलगी. पण त्या मुलीने एकदा मैदानावर हाक मारली आणि सगळ्या क्लबने ती उचलली. पुढची 'दोरी' लोकांनी चिकटवली.

त्या दोरीची जन्मकथा मात्र फारशी अभिमानाची नाही.

तिचा दादा दातांचा डॉक्टर. वयाच्या चाळिशीत त्याला नेमबाजीचं खूळ लागलं. हवेत मातीच्या तबकड्या उडतात, त्या छर्र्याच्या बंदुकीने फोडायच्या. मैदानावर त्या तबकड्यांना पक्षी म्हणतात. दादाने वर-खाली दोन नळ्यांची बंदूक घेतली, परवाना काढला, कानाला लावायचे ते मोठे डबे घेतले, आणि साफसफाईची वेळ आली तेव्हा बंदूक कपाटात उभी करून जेवायला बसला. दिवसभर लोकांना "सकाळ-संध्याकाळ घासा, कोपऱ्यात घासा, मागून घासा" म्हणून दमात घेणारा माणूस! दोन महिन्यांनी आत्याने सहज नळीला डोळा लावला तर आत प्लॅस्टिकचे ओघळ, शिशाचे डाग आणि काजळी. "दादा," ती म्हणाली, "हा दात असता तर तू काय केलं असतंस?" दादा म्हणाला, "काढला असता."

मग तिने दुकानातली, सीटच्या कडेला शिवायची पायपिंगची दोरी घेतली, टोकाला एक वजन बांधलं, दुसऱ्या टोकाला फ्लॅनेलचा चांगला जाड बोळा, आणि ओढली. बोळा अर्ध्यात जाऊन बसला. तिने जोर लावला. दोरी तुटली. दादा, वहिनी आणि ती असे तिघे ती बंदूक घेऊन बंदूकवाल्याकडे गेले. त्याने आतला बोळा काढता काढता इतकं हसून घेतलं, की शेवटी त्यालाच पाणी द्यावं लागलं. चुकीचं माप घेतल्याची लाज कारागिराला जन्मभर पुरते.

त्यानंतर मात्र तिने माप चुकवलं नाही. पॅराशूटच्या दोरीसारखी बारीक, न तुटणारी दोरी, पुढे बोटाएवढं पितळी वजन, मग तांब्याच्या तारांचा ब्रश आणि शेवटी बरोबर मापाची, तेलाचा हात लावलेली फ्लॅनेलची पट्टी. असा ऐवज गुंडाळला की शर्टाच्या खिशात मावायचा. घरी बसून सगळी बंदूक सोडवायची, सळईने घासायची, तो वेगळा सोहळा. मैदानावर फेरी संपली, की फक्त एवढंच करायचं: बंदूक बिजागरीपाशी मोडून उघडायची, काडतुसं नाहीत हे डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. मग मागच्या बाजूने वजन नळीत सोडायचं. ते तोंडातून बाहेर आलं, की एका दमात ओढायचं. मागून पुढे, म्हणजे घाण बाहेर पडते, आतल्या यंत्रात शिरत नाही. शेवटी नळी आभाळाकडे धरून बघायचं. आत लख्ख गोल दिसला, की झालं. एका नळीला अर्धं मिनिट. आत्याने शिवलेल्या दोऱ्या हळूहळू सगळ्या क्लबच्या खिशात गेल्या. त्या वापरायच्या की नाहीत, हा मात्र वेगळा प्रश्न होता.

कारण या मंडळींची एक समजूत होती. हात चांगला बसला असेल, पक्षी फुटत असतील, तर नळीला फडकं लावायचं नाही. आतली काजळी पुसली की तिच्याबरोबर नशीबही पुसलं जातं म्हणे. इंजिनियर होते, वकील होते, एक तर कॉलेजात विज्ञान शिकवणारे गृहस्थ होते. सगळे हे मान डोलावून सांगायचे. आणि सगळ्यांत वर आमचा दंतवैद्य.

दादाचं एक दुखणं होतं. पंचवीस पक्ष्यांची एक फेरी असते. ज्याचे पंचवीसच्या पंचवीस फुटतात, त्याचं नाव क्लबच्या भिंतीवर रंगवतात. दादाने वीस-बावीस वर्षांत एकोणीस वेळा चोवीस फोडले होते. पंचवीस एकदाही नाही. कधी पहिलाच सुटायचा, कधी मधला. आणि तीन वर्षांपूर्वी, सगळ्यांत वाईट, शेवटचा.

त्या वेळी काय झालं ते आत्या विसरू शकत नव्हती. चोवीस फुटले होते, दादाचा शेवटचा पक्षी बाकी होता, आणि आत्याला त्याच्या आधीच्या बाराचा आवाज बारीक वाटला. ती ओरडली, "थांबा!" धोका वाटला तर मैदानावर कुणालाही ओरडायचा हक्क आहे. सगळे थांबले. दोरी सोडली, वजन खळकन बाहेर पडलं. नळी स्वच्छ. आवाज वाऱ्याने खाल्ला होता, एवढंच. दादा परत उभा राहिला आणि पंचविसावा पक्षी अख्खाच्या अख्खा गवतात जाऊन पडला. नंतर महिनाभर तो बहिणीशी बोलला नाही. वहिनीने त्या महिन्यात पोस्टमनची नोकरी केली. "तो विचारतोय, रविवारी येणार का?" "सांग, येणार." "ती म्हणते, येणार." दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असायचे.

आणि आता हा रविवार शेवटचा होता. दादाच्या उजव्या खांद्याची वाटी झिजली होती. बंदुकीचा धक्का नेमका तिथेच बसतो. हाडांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की हे खूळ सोडा, नाहीतर खांदा सोडा. दादाने एक स्पर्धा मागून घेतली. "या खेपेला झाले तर झाले," तो गाडीत म्हणाला. "नाही झाले तर बंदूक विकून टाकतो आणि तुझ्या वहिनीबरोबर बागकाम करतो."

"माझी झाडं तेवढी सोड," वहिनी मागून म्हणाली. "तू हात लावलेलं काही जगत नाही."

दादाची फेरी दुपारी चारची. एका रांगेत पाच जण. प्रत्येकाने एक पक्षी मारायचा, मग सगळ्यांनी एक जागा उजवीकडे सरकायचं. असं पंचवीस वेळा. एका पक्ष्याला दोन बार मिळतात, पहिला चुकला तर दुसरा. आधीच्या फेरीनंतर आत्या दोरी घेऊन दादाकडे गेली होती. त्याने बंदूक छातीशी धरली. "आज नको. हात बसलाय."

"हात तुझा बसलाय, नळीचा त्याच्याशी काय संबंध?"

"आज नको म्हटलं ना गं."

तिने दोरी परत गुंडाळली. तीन वर्षांपूर्वीचा तो महिना अजून तिच्या अंगात होता.

आणि मग पक्षी फुटायला लागले. दादा म्हणायचा, "सोड!" आणि खड्ड्यातून तबकडी निघायची, एक बार, काळा धूर, तुकडे. दहा. पंधरा. वहिनीने बोलणं बंद केलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. वीस. इतर फेऱ्यांचे लोक कुंपणाच्या दोरापाशी येऊन उभे राहिले. बावीस. तेवीस. चोविसाव्याला दादा म्हणाला, "सोड!" पहिला बार झाला आणि पक्षी पुढे गेला, लगेच दुसरा बार झाला आणि पक्षी फुटला. लोकांनी श्वास सोडला. पंचांनी बोट वर केलं. दादाने बंदूक मोडली, दोन रिकामी काडतुसं मागे उडाली, तो एक जागा सरकला.

आत्या मात्र जागच्या जागी थिजली. दुसरा बार 'धाड' झाला होता. पहिला 'फस्' झाला होता.

तिला तो आवाज कळला, कारण ती आवाज ऐकायलाच बसते. पक्षी बघायची तिला सवय नाही. पहिल्या काडतुसात दारू कमी भरली गेली असेल, किंवा नीट पेटली नसेल. मग छर्रे धरणारी प्लॅस्टिकची पेली नळीतच अडकते. पहिला बार खालच्या नळीचा, दुसरा वरच्या; वरच्या नळीने पक्षी फोडला, म्हणून कुणाचं लक्ष नाही. दादाला वाटलं, पहिला बार चुकला. पण खालच्या नळीत काही अडकलं असेल आणि तिच्यात नवं काडतूस उडालं, तर नळी फुटते. आणि नळीखाली आधाराला दादाचा डावा हात असतो.

की पुन्हा वाराच? वारा तर आजही होता.

पहिल्याने मारला. दादा आणि शेवटचा पक्षी यांच्यामध्ये आता तिघे होते. ती वहिनीला म्हणाली, "तुला ऐकू आलं का?" वहिनीने कानावरचा डबा बाजूला केला. "काय?" दुसऱ्याने मारला. ओरडलं आणि नळी स्वच्छ निघाली, तर दादाचा शेवटचा दिवसही तिने खाल्ला असं होईल, आणि या खेपेला महिन्यावर भागणार नाही. तिसऱ्याने मारला. दादाने खिशातून दोन काडतुसं काढली, खाली-वर घातली.

चौथ्याने मारला. दादाने बंदूक मिटली आणि खांद्याला लावली.

"थांबा!"

आवाज इतका मोठा निघाला, की झाडावरचे खरे पक्षीसुद्धा उडाले. कुंपणापाशी कुणीतरी मोठ्याने "अरे देवा, परत!" म्हणालं. पंच म्हणजे एक उंच, सुकलेले, निवृत्त मास्तर. त्यांनी हात वर केला. दादाने बंदूक उतरवली, मोडली, काडतुसं काढली आणि मागे वळला. त्याचा चेहरा बघून आत्याला वाटलं, आपण जमिनीत गेलो तर बरं.

"खालची नळी," ती दोर ओलांडून पळत येत म्हणाली. "पहिला बार फुसका होता."

"तीन वर्षांपूर्वी पण असंच म्हणालीस," दादा हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हो. म्हणाले होते. बघू दे."

पंच म्हणाले, "बंदुकीत दोष असेल तर तीन मिनिटं. त्यापुढे पक्षी गेला असं धरेन. सुरू." आणि घड्याळ बघायला लागले.

आत्याने आधी वरच्या नळीत दोरी सोडली. वजन सरसर गेलं आणि तोंडातून बाहेर लोंबायला लागलं. मग खालच्या नळीत सोडली. वजन आत गेलं, आणि टक् असा आवाज झाला. बाहेर काही आलं नाही. तिने पुन्हा उचलून सोडलं. टक्.

दादाने ते दोन्ही वेळा ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

पण इथे तिच्या दोरीचं काम संपलं. दोरी ओढते, ढकलायचं तिला येत नाही. ढकलायला सळई हवी आणि सळई क्लबच्या कपाटात, जाऊन येईपर्यंत सहा मिनिटं. आत्याने इकडे तिकडे पाहिलं. रांगेच्या टोकाला वाऱ्याची दिशा कळायला लावलेली झेंडी होती, वेताच्या काठीवर. तिने धावत जाऊन ती उपटली. पंच म्हणाले, "अहो, ती मैदानाची आहे." "परत लावते!" काठी तिने अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिली. वीस वर्षं मापं घेतलेली बोटं. जाईल.

"धर घट्ट," ती दादाला म्हणाली. त्याने उघडी बंदूक धरली, तिने तोंडाच्या बाजूने काठी घातली आणि रेटली. हललं नाही. पुन्हा रेटली. "दीड मिनिट," पंच म्हणाले. वहिनी दोराच्या पलीकडून ओरडली, "अगं वजन टाक अंगाचं! एरवी कुठे वापरतेस!" आत्याने वजन टाकलं. आत काहीतरी सुटलं, आणि मागच्या बाजूने वेडीवाकडी झालेली प्लॅस्टिकची पेली बाहेर पडली. तिच्यामागून मूठभर छर्रे दादाच्या बुटांवर सांडले.

कुंपणापाशी सगळे पुढे झुकून ती पेली बघायला लागले.

आत्याने दोरी सोडली. या वेळी वजन खळकन बाहेर आलं. एका दमात ओढली. ब्रश गेला, फ्लॅनेल गेलं, ते काळं होऊन बाहेर पडलं. पुन्हा एकदा. "वीस सेकंद." ती नळी आभाळाकडे धरून बघत राहिली. गोल, लख्ख, कुठे फुगवटा नाही. "आता मार," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

दादाने खिशातली उरलेली काडतुसं टाकून दुसऱ्याकडून दोन मागून घेतली. उभा राहिला. "सोड!" पक्षी डावीकडे गेला. पहिला बार मागे पडला, दुसरा वर गेला. तबकडी लांब गवतात जाऊन टेकली, अगदी सावकाश. पंचांनी चोवीस लिहिले. विसाव्यांदा.

"फडकं लागलं आणि गेलं," विज्ञान शिकवणारे गृहस्थ हळहळून म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते ताबडतोब आपली बंदूक उघडून दोरी शोधायला लागले.

परतीच्या गाडीत दादा बोलला नाही. वहिनीने तिघांच्या वाटचं बोलून घेतलं. दारात उतरताना आत्या म्हणाली, "दादा, येते." त्याने मान हलवली. सोमवारी फोन नाही. आत्या मशीनवर बसली, एका जीपच्या सीटची शिवण तीनदा उसवली आणि स्वतःला म्हणाली, की घ्या, दुसरा महिना सुरू झाला.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता फोन वाजला. "दवाखान्यातल्या खुर्चीचं रेक्झिन फाटलंय," दादा म्हणाला. "माप घ्यायला ये."

ती टेप घेऊन गेली. दादा एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या दाढेवर वाकला होता. "बस, दोन मिनिटं," तो न बघता म्हणाला. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. फाट इतकी लहान होती, की चिकटपट्टीनेही भागलं असतं. तिने ती पाहिली आणि ओळखलं, की माप हे निमित्त आहे.

"दोन दिवस झोप नाही," दादा काम करता करता म्हणाला. "तुला वाटत असेल, पंचविसाव्यासाठी. तो पक्षी मला आठवतसुद्धा नाही गं. ते टक् आठवतं." मग जरा थांबून, "आणि तीन वर्षांपूर्वीचा तुझ्यामुळे नव्हता गेला. माझे पाय तेव्हा आधीच कापत होते. तू ओरडलीस, तर बरंच झालं, कुणावर तरी ढकलता आलं."

आत्याला यावर काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं. तोंडावर आलंही होतं. पण तिची नजर त्याच्या हातांवर गेली. उजव्या हातात बारीक सुई होती. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याने त्या म्हाताऱ्याचा ओठ बाजूला धरला होता, दुखणार नाही इतका हलका, आणि अंगठ्याने हनुवटी सावरली होती. डावा हात. पाचही बोटं, जागच्या जागी, आपलं काम करत होती.

रविवारी तिला भीती वाटायला वेळच मिळाला नव्हता. ती आत्ता आली, एकदम, सगळीच्या सगळी. हातातला टेप खाली पडला आणि दोरीआत्या तोंडावर पदर दाबून हुंदके द्यायला लागली.

दादा वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हात मात्र जराही हलला नाही. खुर्चीतल्या म्हाताऱ्याने तोंडात कापसाचे बोळे असतानाच मान कलती करून तिच्याकडे पाहिलं आणि बोबड्या आवाजात धीर दिला.

"रडू नका हो बाई," तो म्हणाला. "फार हलका हात आहे यांचा. काही होत नाही."